१४ फुटी हार्वेस्टर: एक्स्चेंजला द्यावे की बांधून घ्यावे?

सेनगाव_शिवार (धागाकर्ता)
रामराम मंडळी. प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र आकड्यांत हवे आहे.

यंत्र: २०१३ मॉडेल, चाकाचे, १४ फुटी कटर बार (पुढची कापणीची पट्टी), पाच वॉकर (कुटार झटकत मागे ढकलणारे), रास्प-बार ड्रम (रेघांच्या पट्ट्यांचा मळणीचा ड्रम), सहा सिलिंडरचे लेलँड इंजिन, जुना यांत्रिक पंप. तासमीटर बंद. काम: ऑक्टोबरात सोयाबीन, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गहू, वर्षाला साधारण ७०० एकर, सगळे भाड्याचे. सोयाबीनचा दर एकरी २,००० रुपये. डिझेल, चालक, दलाली जाऊन एकरी १,१०० उरतात. दुरुस्तीला वर्षाला दोन लाख लागतात आणि ऐन हंगामात चार-पाच दिवस यंत्र उभे राहते.

डीलर जुन्याचे साडेसहा लाख धरतो आणि वरचे १९ लाख मागतो. नवे यंत्रही १४ फुटीच, चाकाचेच. सोयाबीन संपले आहे, हरभऱ्याला तीन महिने आहेत. द्यावे का, की जुनेच बांधून (उघडून पूर्ण दुरुस्त करून) घ्यावे?

हिशेबनीस
दादा, आधी व्याज धरून हिशेब मांडू.

१९ लाख, ११ टक्के व्याज, ५ वर्षे, वर्षातून एक हप्ता: हप्ता येतो ५.१४ लाख. पण पाच वर्षांनी नव्याची किंमत जुन्यापेक्षा जास्त उरणार, तीही धरली पाहिजे. समजा तेव्हा नव्याचे १३ लाख येतील आणि जुने ठेवले असते तर त्याचे ४ लाख. फरक ९ लाख. हे ९ लाख पाच वर्षांनी हातात येणार, म्हणून ११ टक्क्यांनी त्यांचे वर्षाला १.४५ लाख धरायचे. ५.१४ मधून १.४५ गेले, राहिले ३.६९ लाख. ७०० एकरांवर वाटले तर एकरी ५२७ रुपये.

म्हणजे नव्या यंत्राने दर वर्षी ३.६९ लाख वाचवले किंवा जास्त मिळवले, तरच बरोबरी. आता ते काय वाचवेल? दुरुस्ती दोन लाखांवरून ७० हजारांवर आली तर १.३० लाख. चार दिवस वाचले, दिवसाला २२ एकर, एकरी १,१००: ९६,८०० रुपये. एकूण २.२७ लाख. दर वर्षी १.४२ लाखांची तूट.

तुमच्याच आकड्यांवर हा सौदा बसत नाही. १,२०० एकर काम असेल तर तोच बोजा एकरी ३०८ वर येतो आणि मग बोलण्यात अर्थ आहे. कामाचे एकर खरोखर वाढणार आहेत का, हे आधी सांगा.

तेरा_टक्के_ओल
हिशेब पटला, पण त्यात दाणा नाही. शेतकरी हार्वेस्टरवाल्याला पुन्हा बोलावतो की नाही, ते मागे किती दाणे सांडले यावर ठरते. जुने यंत्र दाणे सांडते म्हणून नवे घ्यायचे असेल, तर सांडतात कुठे ते मोजा. नुसत्या नजरेने हे कळत नाही.

पद्धत अशी. पूर्ण कापात नेहमीच्या वेगाने शंभर मीटर चाला आणि सरळ रेषेत थांबवा. मग यंत्र पाच-सहा मीटर मागे घ्या. एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा, पाइपची किंवा दोरीची. तीन ठिकाणी दाणे मोजा, प्रत्येक ठिकाणी तीन वेळा, आणि सरासरी काढा.

पहिले, उभ्या पिकात. हे शेंगा फुटून आपोआप पडलेले दाणे, यात यंत्राचा दोष नाही. दुसरे, कटर बार जिथून गेला पण मागचे कुटार अजून पडलेले नाही तिथे. तिसरे, मागे पडलेल्या कुटाराच्या पट्ट्यात, कुटार हलकेच झटकून बाजूला करून.

इथे बहुतेकांची चूक होते. कापणीची रुंदी ४.२ मीटर, पण वॉकर आणि चाळण्यांचा माल साधारण १.३ मीटरच्या पट्ट्यात पडतो. म्हणून पट्ट्यातला जादा आकडा ०.३१ ने गुणायचा. तसे न केल्यास वॉकरचा दोष तिप्पट दिसतो आणि लोक चाळण्यांच्या मागे लागतात.

उदाहरण: उभ्या पिकात १०, कटर बारमागे ५०, पट्ट्यात १५०. कटर बारचे नुकसान ५० वजा १०, म्हणजे ४०. मागचे १५० वजा ५०, म्हणजे १००, त्याला ०.३१ ने गुणून ३१. यंत्राचे एकूण ७१ दाणे चौरस मीटरला. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरा: ८.५ ग्रॅम. एकराचे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेचौतीस किलो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. शेतकऱ्याचे एकरी १,८३८ रुपये मातीत गेले.

आणि यातला निम्म्याहून जास्त वाटा कटर बारचा. सोयाबीनमध्ये बहुतेक वेळा असेच असते, कारण खालच्या शेंगा जमिनीलगत असतात आणि पाते बोथट असेल तर झाड कापले जाण्याआधी हिसकले जाते. डीलर जे नवे यंत्र देतो त्याचा कटर बारही १४ फुटी आणि तसाच ताठ. जमिनीच्या चढउताराबरोबर तो वाकणार नाही. नवी पाती असतील तेवढाच फरक, आणि नवी पाती तर जुन्यालाही बसतात.

पानापक्कड
वरचे शंभर टक्के बरोबर. कटर बारबद्दल भर घालतो.

पाती तीन इंची, म्हणजे १४ फुटांवर ५६ च्या आसपास. सगळी एकदम बदला, रिव्हेट किंवा बोल्ट नवे वापरा. नुसती पाती बदलून काम होत नाही. गार्डमधल्या (पाते ज्यात सरकते त्या टोकदार दातांमधल्या) घासपट्टीची कड गोल झाली असेल तर नव्या पात्यालाही झाड न कापता दुमडते. पाते पुढच्या बाजूला घासपट्टीला टेकले पाहिजे आणि वरची क्लिप एवढीच घट्ट की पूर्ण पट्टी हाताने सरकेल. चालीच्या दोन्ही टोकांना पाते गार्डच्या बरोबर मध्यावर थांबते का पाहा. एका बाजूला कमी थांबत असेल तर पातेपट्टीच्या मुंडीतला बुश झिजला आहे किंवा चालवणारा दांडा चुकीच्या लांबीवर बांधला आहे. अर्धवट कापलेली झाडे दिसतात ती यामुळे.

रीलचा (पीक पात्यांकडे ओढणाऱ्या पुढच्या चक्राचा) वेग: यंत्र ताशी ४ किलोमीटरने चालत असेल तर साधारण १.०५ मीटर व्यासाच्या रीलला मिनिटाला २५ फेरे पुरेत. म्हणजे रील जमिनीच्या वेगापेक्षा सव्वापट. त्याहून जोरात फिरवली की वाळलेल्या शेंगा रीलच फोडते. ताशी ४ किलोमीटर म्हणजे २० मीटर अंतर १८ सेकंदांत. मोबाइलवर मोजा, स्पीडोमीटरवर विसंबू नका.

सेनगाव_शिवार
फार उपयोगी. यंत्र उभेच आहे. काय काय तपासावे आणि कशावरून ठरवावे की आता बांधण्यात अर्थ नाही?

पानापक्कड
क्रम महत्त्वाचा आहे. आधी सांगाडा, मग ड्रम, मग इंजिन. बहुतेक जण इंजिनापासून सुरू करतात, पण इंजिन तालुक्याच्या गावी बांधता येते, सांगाडा नाही.

सांगाडा: पुढचा ॲक्सल जिथे चॅसिसला बसतो ते कोपरे, हेडर (पुढचा कापणीचा भाग) उचलणाऱ्या सिलिंडरचे कान, फीडरचा (कापलेले पीक ड्रमकडे नेणाऱ्या भागाचा) वरचा खांब, चाळणीच्या डब्याचे टांगे. आधी धुऊन वाळवा. संशय असेल तिथे डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडे पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर पुडीत ओली रेघ उमटते. जुन्या वेल्डिंगच्या शेजारीच नवी तडा असेल, तर ती जागा पुन्हा पुन्हा वाकते आहे असे समजा. अशा दोन जागा ॲक्सलजवळ सापडल्या तर बांधायचा विचार सोडा. धान्याच्या टाकीचा तळ आणि एलिव्हेटरचा (दाणे टाकीत चढवणाऱ्या भागाचा) बूड हे पत्रे बदलता येतात, त्यांना घाबरायचे कारण नाही.

ड्रम: पट्टा काढून हाताने फिरवा. दर वेळी एकाच जागी येऊन थांबत असेल तर तोल गेलेला आहे. पहारीने वर उचलून बेअरिंगची खडखड बघा. बारवरच्या तिरप्या रेघा हाताला जेमतेम लागत असतील तर बार संपले. बार समोरासमोरच्या जोडीने बदलतात, एकटा बार कधीच बदलू नये. डाव्या आणि उजव्या रेघांचे बार आळीपाळीने येतात, ते चुकले तर सगळा माल एका बाजूला सरकतो आणि त्या बाजूची चाळणी भरून वाहते. ड्रमखालच्या जाळीच्या आडव्या पट्ट्यांची पुढची कड काटकोनी असावी. ती गोल झाली की मळणी होत नाही.

आणि दाणे फुटून डाळ पडण्याचे मूळ इथेच आहे. बार व जाळी झिजली की शेंगा न फुटता मागे जातात, म्हणून चालक फेरे वाढवतो. सोयाबीनला मिनिटाला ४५० ते ५५० फेरे पुरे असताना तो ७०० वर जातो आणि दाण्याची डाळ होते. टाकीत डाळ आणि मागे न फुटलेल्या शेंगा, दोन्ही एकाच वेळी दिसत असतील तर तो बार-जाळीचाच दोष. सेटिंग कितीही बदला, जाणार नाही.

वॉकर: एकेक हाताने उचला. क्रँकवरचे लाकडी ठोकळे झिजले असतील तर खडखडतात. ते स्वस्तात होतात. क्रँक वाकलेला असेल तर तो खर्च मोठा.

साखळ्या आणि ऑगर: फीडरच्या साखळीचा ताण शेवटच्या आट्यापर्यंत गेला असेल तर साखळी बदला, कडी काढून भागवू नका, कारण दाते आधीच खाल्लेले असतात. ऑगरच्या (माल ढकलणाऱ्या पिळाच्या दांड्याच्या) पात्याची कड सुरीसारखी पातळ झाली असेल तर ती दाणा कापते, आणि दोष मात्र ड्रमला दिला जातो.

हायड्रॉलिक: हेडर पूर्ण उचलून इंजिन बंद करा, जमिनीपासून उंची मोजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तीन-चार सेंटिमीटर उतरला तर सिलिंडरचे सील. हातभर उतरला तर व्हॉल्व्हही बघा. मोजताना कोणीही खाली वाकायचे नाही, सिलिंडरचा अडसर लावल्याशिवाय हेडरखाली हात घालायचा नाही.

इंजिन: पूर्ण तापल्यावर ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस किती येते ते पाहा. तापलेल्या अवस्थेत रिकाम्या फेऱ्यांवर ऑइल प्रेशर किती ते टिपा. ओझ्याखाली काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा हवेचा फिल्टर. निळा धूर आणि ऑइलची घट म्हणजे रिंगा-लायनर. रेडिएटरमध्ये थ्रॉटल देताना बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. पण आधी रेडिएटरची जाळी आतल्या बाजूने हवेने साफ करा. सोयाबीनच्या लवेने ती भरते, इंजिन तापते आणि चांगले हेड विनाकारण उतरवले जाते.

चाकाचा हब: ऑइल काढून त्यात चुंबक फिरवा. बारीक राखाडी लेप चालतो, कपच्या आल्या तर गिअर गेले.

हरभऱ्याचे_घाटे
फेऱ्यांचा मुद्दा निघाला म्हणून. मराठवाड्यात आता पुष्कळ शेतकरी घरचे बियाणे राखतात. बियाण्यासाठी सोयाबीन मळताना ३०० ते ४०० फेऱ्यांची शिफारस आहे, दाण्यात १३-१४ टक्के ओल असताना. तुमच्या यंत्राचा ड्रम व्हेरिएटरवर (फेरे कमी-जास्त करणाऱ्या पुलीवर) एवढा खाली येतो का? पुलीचे दोन्ही भाग गंजून अडकले असतील तर तो येत नाही आणि बियाण्याचे प्लॉट हातचे जातात. ही दुरुस्ती पुली उतरवून घासून ग्रीस भरण्याची आहे, नव्या यंत्राची नाही.

हरभऱ्यात घाटे खाली असतात, पसरट वाणात कटर बार मातीत घालावा लागतो. मग टाकीत मातेरे येते, आणि एलिव्हेटर व ऑगर सोयाबीनच्या दुप्पट वेगाने झिजतात. फुले विक्रमसारखा उंच, उभा वाढणारा वाण असलेली शेते आधी घ्या आणि पसरट वाणाला नाही म्हणा, किंवा दर वेगळा ठेवा.

धानपट्टा
गोंदियाकडून लिहितो. चाकाचे देऊन चाकाचेच घेण्यात फार बदल होत नाही. पण कामाचा पट्टा वाढवून धानात उतरायचे असेल तर प्रश्न वेगळा. ओल्या बांधीत चाकाचे यंत्र रुतते, तिथे ट्रॅकचेच चालते, आणि धानाला खिळ्यांचा ड्रम लागतो. तेव्हा एक्स्चेंजला खरा अर्थ येतो, कारण बांधून घेऊन चाकाचे ट्रॅकचे होत नाही. तुमच्या हिंगोली जिल्ह्यातच राहायचे असेल तर हे सोडून द्या.

नवे_बरे
सगळे बांधायच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते.

एक, हंगाम आखूड आहे. सोयाबीन पंधरा-वीस दिवसांत काढावे लागते, त्यात परतीचा पाऊस. त्या दिवसांत चार दिवस उभे राहणे म्हणजे फक्त ८८ एकर नव्हे. ज्याचे सोयाबीन भिजले तो पुढच्या वर्षी फोन करत नाही. हिशेबनीस यांनी हे धरलेले नाही.

दोन, २२ सप्टेंबर २०२५ पासून हार्वेस्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. २२ लाखांच्या मूळ किमतीवर हा फरक १.५४ लाख होतो. डीलरचे कोटेशन या तारखेनंतरचे आहे ना आणि त्यात हा फरक उतरला आहे ना, ते बघा. नवे स्वस्त झाले की जुन्याचा भावही उतरतो. म्हणून साडेसहा लाख पुढच्या वर्षी मिळतीलच असे धरू नका.

तीन, अनुदान. महाडीबीटीवर (राज्याच्या अनुदान अर्जांच्या संकेतस्थळावर) अर्ज केला असेल तर पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका, आधीचे बिल चालत नाही. पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल अपलोड, मग मोका तपासणी. अनुदान बसले तर हिशेबनीस यांचे ३.६९ लाख बरेच खाली येतात आणि उत्तर उलटे होऊ शकते. यातला धोका एक्स्चेंजचाच आहे: जुन्याची किंमत बिलातून वजा करून घेतली तर पूर्ण रक्कम तुमच्या खात्यातून डीलरला गेल्याचे दिसत नाही. जुने वेगळे विका, त्याचे पैसे आधी तुमच्या खात्यात घ्या, मग नव्याची पूर्ण रक्कम बँकेतून द्या. नवे अनुदानातले असेल तर ते किती वर्षे विकायचे नाही हे हमीपत्रात लिहिलेले असते, तेही वाचून घ्या.

हिशेबनीस
ताई, पहिला आणि तिसरा मुद्दा मान्य. हातचे गिऱ्हाईक जाण्याची किंमत मी धरली नव्हती. वर्षाला पन्नास एकर गेले असे धरले तर ५५ हजार. तरी तूट ८७ हजारांची राहते. अनुदान मात्र सगळे बदलते, म्हणून पूर्वसंमतीची स्थिती कळेपर्यंत डीलरला इसार देऊ नये.

डीलरशी बोलताना आधी एक्स्चेंजशिवाय नव्याची रोख किंमत लेखी घ्या, जुन्याचा विषयच काढू नका. त्यानंतर जुन्याचे काय देता विचारा. नाहीतर जुन्याला जास्त धरल्यासारखे दाखवून नव्यावरची सूट काढून घेतात. फक्त 'वरचे पैसे' हा एकच आकडा बघाल तर हे कधीच दिसणार नाही. जुने बाहेर विकायचे तर सप्टेंबरच्या तोंडावर भाव चांगला येतो, नोव्हेंबरात पडतो.

पानापक्कड
नव्या इंजिनाबद्दल एकच गोष्ट. ट्रेम-४ च्या (धुराच्या नव्या नियमांच्या) इंजिनात कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची उच्च दाबाची डिझेल प्रणाली असते. डिझेल शेतात बॅरलमधून भरायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. पाणी आणि धूळ इंजेक्टर खराब करतात, आणि दोष शोधायला स्कॅनर घेऊन माणूस येईपर्यंत थांबावे लागते. घेण्याआधी विचारा: ऑक्टोबरात सर्व्हिसचा माणूस कुठून येतो, किती तासांत येतो, आणि पट्टे, बेअरिंग, सेन्सर यांचा साठा जिल्ह्यात आहे का. जुन्याचा पंप जवळच्या पंप-रूममध्ये एका दिवसात कॅलिब्रेट होतो, हा फायदा पैशांत मोजण्यासारखा आहे.

आरसी_बुक
कागदांकडे लक्ष द्या. कर्ज फिटले असेल तरी बोजा आरसीवर राहिलेला असतो, त्यासाठी बँकेचे पत्र आणि नमुना ३५. विक्रीला नमुना २९ आणि ३०. यंत्र पंजाबच्या पासिंगचे असेल तर तिकडची एनओसी, नमुना २८. डीलरला जुने दिले तरी आरसीवर नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी तुमच्याकडे येऊ शकते. ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहून डीलरची सही-शिक्का घ्या, आणि नाव बदलल्याचे पाहूनच विमा बंद करा.

सेनगाव_शिवार
सगळ्यांचे मनापासून आभार. तपासणी झाली, आकडे देतो.

सांगाडा: ॲक्सलजवळ तडा नाही. फीडरच्या खांबावर एक जुने वेल्डिंग, खडूच्या पुडीत रेघ नाही. ड्रम तोलात आहे, आठही बार गुळगुळीत, जाळीची पुढची कड गोल. वॉकरचे तीन ठोकळे खडखडतात. हेडर अर्ध्या तासात ४ सेंटिमीटर उतरला. हबच्या ऑइलमध्ये फक्त लेप. ब्रीदरला थोडी फुसफुस, ऑइलची घट नाही, धूर ओझ्याखाली काळा. ड्रमचा व्हेरिएटर ५२० च्या खाली येत नाही. अनुदानाचा अर्ज आहे, पण निवड झालेली नाही.

पानापक्कड
मग हे यंत्र विकण्याजोगे नाही, बांधण्याजोगे आहे. कामाचा क्रम: बार आणि जाळी एकत्र, व्हेरिएटरची पुली उतरवून साफ, पाती व घासपट्ट्या पूर्ण, पाचही वॉकरचे ठोकळे (तीनच बदलले तर उरलेले दोन मार्चमध्ये खडखडतील), सिलिंडरचे सील, नोझल-पंप कॅलिब्रेशन. इंजिन आता उतरवू नका. दर ५० तासांनी ऑइलची पातळी वहीत लिहा. घट दिसली तर पावसाळ्यात रिंगा-लायनर करता येतील. नवा तासमीटर आजच बसवा.

हिशेबनीस
या सगळ्याचे लेखी अंदाजपत्रक दोन ठिकाणांहून घ्या. अडीच लाखांच्या आत आले तर बिनधास्त करा. चार लाखांच्या पुढे गेले किंवा अनुदानात निवड झाली, तर इथेच परत या, नवे आकडे घालून हिशेब पुन्हा मांडू.

सेनगाव_शिवार
ठीक. डीलरला इसार देत नाही. बार मागवताना मापे कोणती द्यायची?

पानापक्कड
बारची लांबी, बोल्टच्या छिद्रांमधले अंतर, छिद्रांची संख्या, ड्रमचा बाहेरचा व्यास. चार डावे आणि चार उजवे असे लिहून द्या. आल्यावर बसवण्याआधी प्रत्येक बार वजनकाट्यावर ठेवा आणि सारख्या वजनाचे समोरासमोर लावा. बोल्ट नवेच, आणि पहिल्या दहा एकरांनंतर ड्रम उघडून सगळे पुन्हा एकदा आवळा.